शिकारीचे रान कोणाचे?

१९५० साली नागपूरच्या विधानसभेत एक कायदा मंजूर झाला. त्याचे नाव लांबलचक आहे, पण आमच्याकडे तो 'मालगुजारी गेली तो कायदा' म्हणूनच ओळखला जातो. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यात मोडत होता. ३१ मार्च १९५१ रोजी या कायद्याने मालगुजार आणि जमीनदारांचे हक्क सरकारजमा झाले. कलम ४ मध्ये या हक्कांची यादीच आहे. लागवडीची व पडीक जमीन, गवताची राने, झुडपी जंगल, जंगल, झाडे, मासेमारी, विहिरी, तलाव, बोड्या, पाट, नावेचे उतार, पायवाटा, गावठाण, हाट, बाजार, मेळे आणि भूगर्भातले खनिजही त्यात आले. मसुदा करणाऱ्याने काही सुटू नये म्हणून घेतलेली काळजी ओळीओळीत दिसते.

या यादीत शिकार नाही.

प्रथम वाचताना हे माझ्या लक्षातही आले नव्हते. मी तलावांच्या मालकीचा शोध घेत होतो, शिकारीशी माझे काही देणेघेणे नव्हते. परंतु ज्या भागाची ओळखच दोनशे वर्षे तलाव, धान आणि वाघ अशी होती, तिथल्या जमीनमालकाच्या हक्कांच्या यादीत माशाला जागा मिळते आणि सांबराला मिळत नाही, हे एकदा दिसले की त्यावरून नजर हलत नाही. जंगल घेतले की शिकार आपोआप आलीच, असे वकील म्हणेल. मग तलाव घेतला की मासेही आलेच. तरी मासेमारी वेगळी लिहावी लागली, कारण मासेमारीचा ठेका होता, त्याची बोली होत होती, ठेकेदार होता आणि त्याच्याकडून येणे होते. शिकारीचे तसे काही नव्हते का?

आधी जमीन कोणाची होती ते पाहू. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावच्या मालगुजाराला, म्हणजे मुळात सारा गोळा करणाऱ्या माणसाला, गावाचा मालक करून टाकले. त्याच्या वर जमीनदार होते. कामठा, आमगाव, सालेकसा, दरेकसा, चिचगड, पालांदूर ही नावे आज बसच्या पाट्यांवर दिसतात. तेव्हा ती जमीनदारींची नावे होती, आणि त्यांतल्या कितीतरी गावांचा मोठा भाग जंगलाचा होता. याच्या जोडीला सरकारी राखीव जंगल होते. म्हणजे शिकाऱ्याच्या दृष्टीने या टापूत दोन प्रकारची राने होती, एक सरकारचे आणि एक खासगी. दोन्हींत वाघ एकच फिरत होता, त्याला हद्द माहीत नव्हती. शिकाऱ्याला मात्र ती नीट माहीत असायची.

सरकारी राखीव जंगलात शिकारीचा हिशोब चोख होता. जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत. ठरावीक मुदतीसाठी एक ब्लॉक एका शिकाऱ्याला मिळे, परवान्याची फी असे आणि कोणते जनावर किती मारायचे याला मर्यादा असे. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणे हा गुन्हा ठरवला होता. साहेबाने ब्लॉक मागायचा, वन अधिकाऱ्याने द्यायचा, पावती करायची. ए. ए. डनबार ब्रँडर हे मध्य प्रांतातलेच वन अधिकारी. १९२३ साली निघालेले त्यांचे मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचे पुस्तक आजही वाचनीय आहे, आणि ते लिहिणारा माणूस याच व्यवस्थेचा भाग होता.

खासगी जंगलाची गोष्ट वेगळी. इंग्रजी न्यायाच्या कल्पनेप्रमाणे जिवंत रानटी जनावर कोणाच्याच मालकीचे नसते, मात्र ते आपल्या जमिनीवर मारू देणे वा न देणे हे जमीनमालकाच्या हाती असते. त्यामुळे विलायतेत शिकारीचे रान भाड्याने देण्याचा धंदाच उभा राहिला. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हरणांची राने हंगामापुरती भाड्याने जाऊ लागली आणि त्यांचे भाडे एकरावर ठरत नसून त्या रानात वर्षाला किती नर हरणे मारता येतील यावर ठरे. ग्राऊस पक्ष्यांच्या माळाचे भाडे जोड्यांच्या हिशोबाने. अमेरिकेत, विशेषतः टेक्सासमध्ये, आजही रँचवाले एकरामागे किंवा बंदुकीमागे दर लावून हंगामी भाडेपट्टे करतात. खडकाळ माळ असो की झुडपांचे रान, शेतीला निकामी असलेल्या जमिनीला तिथे शिकारीमुळे भाव येतो.

मग आमच्या मालगुजाराने हे का केले नाही? तो काही पैशाला नको म्हणणारा नव्हता. त्याच्या रानातल्या प्रत्येक गोष्टीला ठेका होता. लाखेला, मोहफुलांना, बांबूला, विसाव्या शतकात विडीचा धंदा वाढल्यावर तेंदूपत्त्याला, तलावातल्या शिंगाड्याला. मालगुजारी जाणार हे दिसू लागले तेव्हा जमीनदारांनी लाकडाचे आणि तेंदूचे लांब मुदतीचे ठेके देऊन टाकले, आणि ते ठेके सरकारवर बंधनकारक आहेत की नाहीत यावरची भांडणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५३ च्या निकालात ठेकेदार जिंकले, १९५९ च्या निकालात हरले. अशाच एका खटल्यात, ओडिशात, परिकूदच्या राजाकडून काही जणांनी चिलिका सरोवरात मासे धरण्याचा हक्क तोंडी व्यवहाराने विकत घेतला होता. न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याच्या जमिनीतून वा पाण्यातून काही घेऊन जाण्याचा हा हक्क म्हणजे स्थावर मालमत्तेचाच भाग, त्याचा दस्त नोंदवायला हवा होता. इंग्रजी कायद्याची पुस्तके मासेमारी आणि शिकार यांना याच एका खणात घालतात. लाकूड, पाने, मासे यांची कज्जेदलाली इतकी झाली. शिकारीच्या ठेक्यावरून भांडलेला मालगुजार मला या निकालांत भेटला नाही.

मला याची दोन कारणे दिसतात. पहिले सरळ आहे. जी गोष्ट शेजारी जवळजवळ फुकट मिळते तिला भाडे कोण देणार? राखीव जंगलाचा ब्लॉक माफक फीमध्ये मिळत होता. शिवाय १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने हरणे, सांबर, गवे यांना बंदीचा हंगाम लावला, तरी त्याच्या परिशिष्टात वाघ नव्हताच. उलट गुराढोरांवर पडणाऱ्या वाघासाठी सरकारच बक्षीस देई. मारणाऱ्याला सरकार पैसे देते आहे अशा जनावराचे भाडे मालगुजाराने कोणत्या तोंडाने मागावे?

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भाडे घेतले जात होते, पण पैशात नाही. खासगी रानात ब्लॉकची मर्यादा नव्हती, मुदत नव्हती, आणि म्हणून साहेब लोकांना ते सोयीचे पडे. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर नाताळात मालगुजाराच्या रानात तंबू ठोकतो, मालगुजार मचाण बांधून देतो, आमिषाला रेडकू देतो, हाक्याला माणसे देतो आणि दरबारात आपली खुर्ची एक ओळ पुढे सरकल्याचे पाहतो. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर बंदुकीचा परवाना ही साहेबाच्या मर्जीतली वस्तू होती. रावसाहेब, रायबहादूर या पदव्या होत्या. सारावाढीच्या वेळी ओळख उपयोगी पडे. या सगळ्याची किंमत रुपयांत सांगता येत नाही, पण ती शून्य होती असे समजणे भाबडेपणाचे होईल. असा पाहुणचार करणाऱ्याने साहेबाकडे भाडे मागितले असते तर तो पाहुणचार उरला नसता.

आणि या व्यवहारात एक तिसरा माणूस होता, त्याचा हिशोब कुठेच नाही. वाघाच्या शिकारीत खरा खर्च बंदुकीचा नसतो, हाक्याचा असतो. नाल्याच्या दोन्ही अंगांनी अर्धचंद्रासारखी माणसे लावायची, ढोल, डबे, आरोळ्या यांनी जनावर उठवून मचाणाकडे ढकलायचे, आडवाटा रोखायला झाडांवर माणसे बसवायची. बैलगाड्या, पाणी, लाकूडफाटा वेगळा. सरकारी ब्लॉकमध्ये हाकेकऱ्यांना रोजाने पैसे द्यावे लागत. मालगुजाराच्या गावात वेठबिगार होती. मालकाच्या शेतावर ठरावीक दिवस राबणे ही रीत मानली जाई, आणि हाक्याला जाणे त्याच रीतीत बसवता येत असे. तेव्हा 'फुकट' रानाचे भाडे काढायचेच तर ते गोंड, ढिवर आणि इतर रयतेच्या बुडालेल्या दिवसांत काढावे लागेल. हाके निघायचे ते हिवाळा-उन्हाळ्यात, म्हणजे धानाची मळणी आणि मोहफुले वेचण्याच्या ऐन दिवसांत. चिडलेला वाघ हाक्याची रांग फोडून जाई तेव्हा समोर कोण असे हे सांगायला नको.

याच रयतेला पिकाच्या बाजूने मात्र शिकार हवी होती. १९१२ च्या कायद्यातही मालमत्तेच्या रक्षणासाठी जनावर मारायला सूट होती. पीकरक्षणाच्या बंदुका दिल्या गेल्या, आणि त्यांनी रानडुकरांपेक्षा चितळ जास्त मारली अशी तक्रार शिकाऱ्यांनीच केली. तक्रार खरी असेल. पण ती करणाऱ्यांच्या तोंडी मला ती फारशी शोभत नाही.

१९५१ नंतर चित्र पालटले. खासगी जंगले सरकारकडे आली, ब्लॉक वाढले आणि आता प्रथमच शिकारीला खरा बाजारभाव आला. मात्र तो जमीनमालकाला मिळाला नाही. मधे शिकार कंपन्या आल्या. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ मध्ये पदवी घेतलेल्या एका तरुणाने 'ऑलविन कूपर' नावाची कंपनी काढली. मध्य भारताच्या जंगलांत मोठ्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या मोहिमा नेणे हा तिचा धंदा. हा तरुण म्हणजे विद्याचरण शुक्ल, पुढे १९५७ पासून लोकसभेत आणि मग केंद्रात मंत्री. अशा कंपन्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी, विशेषतः अमेरिकन. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशाला वाघाची शिकार ही निर्यातीची वस्तू वाटली, आणि पर्यटनाच्या नावाखाली तिला प्रोत्साहनही मिळाले. कंपनी सरकारला ब्लॉकची फी भरे आणि गिऱ्हाइकाकडून तंबू, जेवण, जीप, मार्गदर्शक आणि वाघाची आशा या सगळ्यांची एकठोक रक्कम घेई. फी आणि रक्कम यांतला फरक हेच शिकारीच्या रानाचे भाडे होते. विलायतेत ते जमीनमालकाच्या खिशात जाई, इथे ते मध्यस्थाकडे राहिले.

हा बाजार वीस वर्षेही टिकला नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि त्याच वर्षी नागझिरा अभयारण्य झाले, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या गणनेत देशात सुमारे १८०० वाघ भरले. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होतेच, हे आज बरेच जण विसरतात. मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, जनावरे पकडण्याचा असे वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळे गेले. मराठी वाचकाला नागझिरा माहीत आहे तो व्यंकटेश माडगूळकरांमुळे आणि नवेगाव मारुती चितमपल्लींमुळे. माडगूळकर स्वतः एके काळचे शिकारी, पण नागझिऱ्यात ते गेले ते वही-पेन्सिल घेऊन.

आज गोंदिया जिल्ह्यात शिकारीसाठी खासगी जमीन भाड्याने घेणे हा प्रश्नच उद्भवत नाही. सातबारा कोणाच्याही नावावर असो, त्यावरचा ससासुद्धा मारता येत नाही, आणि बेकायदा मारलेले किंवा मेलेले सापडलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता होते. १९५० च्या यादीत जे लिहायचे राहिले ते १९७२ मध्ये असे लिहिले गेले. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल वन अधिकाऱ्याकडून परवानगी मिळण्याची वाट कायद्यात आहे, नुकसानभरपाईचीही सोय आहे. अर्ज, पंचनामा, मंजुरी या पायऱ्या चढेपर्यंत डुक्कर पुढच्या बांधीत पोचलेले असते.

पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या नागझिऱ्याच्या दारांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जमिनीकडे पाहायची नवी रीत मात्र दिसते. इथे शेताबद्दल बोलणे निघाले की माती आणि पाणी मागे पडते आणि दारापासूनचे अंतर पुढे येते. पाहुण्यांच्या खोल्या बांधायच्या असतील तर वाघ जवळ हवा, धान पिकवायचे असेल तर तो आणि त्याचे भक्ष्य दूर हवे. दोघांचा बांध एकच असतो.

मालगुजारी तलावांवर ठेका अजून चालतो. ढिवरांच्या सहकारी संस्था मासेमारीसाठी तलाव पट्ट्याने घेतात, शिंगाड्याचाही सौदा होतो. हिवाळ्यात त्याच पाण्यावर परदेशी बदके उतरतात, ज्यांच्यासाठी कधी साहेब लोक नवेगावला मुक्काम टाकत. जंगलाकडेच्या धानाच्या बांध्यांत मचाणही अजून दिसते. धान लोंबीवर आला की शेतकरी रात्री त्यावर बसतो, हाती बॅटरी आणि वाजवायला रिकामा पत्र्याचा डबा घेऊन.