कोळशाच्या भट्टीवरील संसार

दगडी कोळसा आणि लाकडी कोळसा असे कोळशाचे दोन प्रकार आपण शाळेत शिकतो. पैकी दगडी कोळशाला इतिहास आहे. त्याच्या खाणी, त्याच्या कंपन्या, त्याच्या मजुरांचे संप, त्याचे अपघात, सारे कुठे ना कुठे लिहून ठेवलेले आहे. लाकडी कोळसा मात्र बिचारा जळून जातो आणि त्याबरोबर तो पाडणारा माणूसही विस्मृतीत जातो.

1946 साली इटलीने बेल्जमशी एक करार केला. महायुद्धाने इटली भिकेला लागली होती, आणि बेल्जमला खाणीत उतरायला माणसे मिळत नव्हती. तेव्हा इटलीने 50,000 मजूर द्यावेत आणि त्याच्या मोबदल्यात बेल्जमने तिला कोळसा विकावा, असे ठरले. माणसे द्या आणि कोळसा घ्या, इतका साधा व्यवहार! गुलाबी रंगाच्या जाहिराती गावोगाव चिकटल्या. तरणी पोरे आगगाडीत बसली आणि जेथे पूर्वी युद्धकैदी ठेवले होते त्या बराकींत जाऊन राहिली. बायकामुले मागाहून आली. पुढे 8 ऑगस्ट 1956 रोजी मार्सिनेल येथील खाणीत पाळण्यात एक डबा नीट बसला नाही, पाळणा तसाच वर निघाला, बाहेर आलेल्या डब्याने तेलाची नळी आणि विजेच्या तारा तोडल्या, आणि लागलेल्या आगीत 262 माणसे दगावली. त्यांतली 136 इटालियन होती. ही खाण आज स्मारक झाली आहे. मेलेल्यांची नावे तेथे जतन केलेली आहेत.

हे सारे आठवण्याचे कारण हमरापूर. पेणच्या अलीकडे, पनवेलहून येणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पश्चिमेला खारेपाट, पूर्वेला डोंगर. गणपतीच्या मूर्तींसाठी पेणबरोबर आता हमरापूरचेही नाव लांबवर गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु डोंगराच्या बाजूला वळले, की कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. पेणपासून रोह्यापर्यंत, नव्हे साऱ्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात, अशा वाड्या विखुरलेल्या आहेत. इटलीच्या खाणमजुराचा आमच्याकडचा भाऊबंद शोधायचा, तर तो येथे सापडतो. तोही कोळशासाठी घर सोडतो. फरक एवढाच, की तो बायकामुले मागाहून बोलावीत नाही, बरोबरच नेतो. तो असे का करतो, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

कातकरी हे नावच मुळी धंद्यावरून पडले आहे. खैराच्या झाडाचा गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, तो अर्क आटवून त्याच्या वड्या पाडायच्या, हा कात. विडा रंगतो तो याच्यामुळे. 1883 साली निघालेल्या कुलाब्याच्या गॅझेटियरात या लोकांची बरीच माहिती आहे. त्यांतल्या सोन, ढोर, वरप इत्यादी पोटभेदांचीही नोंद आहे. काताचा हंगाम सुरू करण्यापूर्वी ही मंडळी एखादे खैराचे झाड निवडीत, त्याला शेंदूर फाशीत, नारळ वाहात आणि मग कुऱ्हाड चालवीत. ज्याला तोडायचे त्याची आधी परवानगी मागण्याची ही रीत मला फार सभ्य वाटते. पुढे 1934 साली ए. एन. वेलिंग यांनी कातकऱ्यांवर इंग्रजीत एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तेव्हा अभ्यासकांचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते असे म्हणता येणार नाही.

परंतु गॅझेटियर निघण्याच्या आधीच, 1878 साली, जंगलचा कायदा आला होता. जंगल राखीव झाले. खैर सरकारचा झाला. काल जे काम होते ते आज चोरी ठरले. डोंगरउतारावर जाळपोळ करून नाचणी-वरी पेरायची दळीची शेती सरकारने काही ठिकाणी राहू दिली, पण सरकारच्या मर्जीवर. रायगडातल्या दळीच्या जमिनींचा तो घोळ पुढे शंभर वर्षांहून अधिक चालला आणि 2006 च्या वनहक्क कायद्यापर्यंत येऊन पोचला. असो. काताचा धंदा गेला आणि नाव तेवढे राहिले.

कुऱ्हाड मात्र हातात होती. मुंबई वाढत होती, तिला जळण हवे होते. लाकूडफाटा, भात आणि मीठ घेऊन मचवे खाडीतून मुंबईला जात. पेणचे अंतोरे बंदर त्यासाठीच होते. चाळीतली शेगडी, परटाची इस्त्री, सोनाराची बागेसरी, लोहाराचा भाता, या सगळ्यांना लाकडी कोळसा लागे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा तर मोटारीसुद्धा कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. मागे बंब लावलेली, धूर ओकीत घाट चढणारी ती मोटार जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. तिच्यात बसलेल्या उतारूंना तो कोळसा कोणी पाडला, हा प्रश्न पडला असेल असे वाटत नाही. आपल्याला तरी कुठे पडतो?

कोळसा पाडणे हे दिसते तितके सोपे काम नाही. लाकडे सारख्या मापाची तोडून ढिगासारखी रचायची. त्यावर पाला-गवताचा थर, त्यावर मातीचा लेप. खाली वारा घ्यायला भोके ठेवायची आणि भट्टी पेटवायची. यानंतरचे काम म्हणजे तिला पेटू न देणे! लाकूड जळता कामा नये, नुसते भाजले पाहिजे. आधी दाट पांढरा धूर येतो, ती लाकडातली वाफ. पुढे तो पातळ होत जातो. निळा झाला, की कोळसा झाला. मधल्या काळात माती कुठे तडकली, ढीग कुठे खचला, की आत वारा शिरतो आणि कोळशाची राख होते. म्हणून दिवसरात्र पहारा लागतो. तडा दिसला, की ओली माती घेऊन त्या तापलेल्या ढिगावर चढायचे. पाय आत गेला, तर काय होते ते सांगायला नको. एक झोपतो तेव्हा दुसऱ्याने जागायचे. मग भट्टी विझवायची, उकरायची, निवडायची, पोती भरायची.

हे काम एकट्याचे नाही. म्हणून व्यापाऱ्याला एकटा गडी नको असतो, जोडी हवी असते. नवरा आणि बायको मिळून एक जोडी. पावसाळ्यात वाडीवर काम नसते आणि घरात दाणा नसतो. तेव्हा खावटी घ्यावी लागते. आजारपण येते, लग्न निघते. तेव्हा व्यापारी किंवा त्याचा मुकादम उचल देतो, आणि दिवाळीनंतर जोडीने भट्टीवर जाऊन ती फेडायची असते. मजुरी पोत्यावर. हंगामात आठवड्याच्या बाजाराला थोडी खर्ची मिळते, ती वहीत मांडली जाते, आणि अखेरीस हिशेब होतो. भट्टी जळाली म्हणजे पोती कमी, पोती कमी म्हणजे उचल अंगावर शिल्लक, आणि शिल्लक म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

शेजारच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. मला हा शब्द मराठीतला एक भयंकर शब्द वाटतो. माणूस संसार मांडतो, म्हणून तो बांधला जातो. इटालियन मजूर पोराबाळांसाठी परमुलखात गेला, हे आपण कौतुकाने म्हणतो. आमच्या कातकऱ्याला पोरेबाळे आहेत, बायको आहे, म्हणूनच तर त्याला उचल मिळते. सड्याफटिंगाला कोण देतो? आणि यातही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वहीत नाव लिहिलेले असते ते नवऱ्याचे. उचल त्याच्या नावावर, फेडही त्याच्या नावावर. लांबून पाणी आणणारी, अर्धी रात्र भट्टीपाशी जागणारी, पोती भरणारी जी दुसरी व्यक्ती, तिचे नाव व्यापाऱ्याच्या वहीतही नाही. तिची मजुरी तिच्या हातात पडत नाही.

जाता जाता इटलीचीच एक गंमत सांगतो. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वातंत्र्यासाठी झटणारी एक गुप्त संघटना होती, कार्बोनारी. या शब्दाचा अर्थ लाकडी कोळसा पाडणारे! आपल्या बैठकींना त्यांनी कोळशाच्या धंद्यातलेच शब्द ठेवले होते. तरुण मॅझिनी या मंडळींपैकीच. आणि 1907 साली सावरकरांनी मराठीत आणला तोच हा मॅझिनी. म्हणजे कोळसेवाल्यांचे नाव महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घराघरात पोचले. कोळसेवाला मात्र पेणच्या डोंगरातच राहिला.

त्याने स्वातंत्र्याच्या लढ्यात काही केले नाही असे मात्र नव्हे. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात जे हुतात्मे झाले त्यांत नाग्या महादू कातकरी होता. जंगलच्या कायद्याने ज्याचे सर्वस्व गेले, त्याने जंगलसाठी प्राण द्यावा यात नवल नाही. पुढे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत संप केला, कुळांचा प्रश्न वेशीवर टांगला. 1948 साली कुळकायदा आला, 1957 च्या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक झाली. ही आमच्या जिल्ह्याची मोठी कमाई आहे. पण कातकरी कूळ नव्हता. तो कुळाच्याही शेतावर राबणारा. कित्येक वाड्या ज्या जागेवर उभ्या आहेत, ती जागाही सात-बाऱ्यावर दुसऱ्याच्याच नावाची.

1975 साली वटहुकूम निघाला आणि 1976 साली वेठबिगारी रद्द करण्याचा कायदा झाला. सगळी बांधील कर्जे कागदावर एका दिवसात संपली. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात त्याहून पुढचे पाऊल टाकले: मजूर सक्तीने राबतो आहे असे दिसले, की तो उचलीपोटीच राबतो असे धरून चालावे, आणि तसे नसेल तर ते मालकाने सिद्ध करावे. अडाणी माणसाजवळ पुरावा मागू नये, हे न्यायालयाला सुचले याचे मला समाधान वाटते. मात्र उचल देणाऱ्यांनीही शब्द बदलले. आता ते तिला 'ॲडव्हान्स' म्हणतात.

आमच्याकडचे जंगल विरळ झाले, तशा भट्ट्या दूर गेल्या. घाट ओलांडून देशावर, तेथून कर्नाटकात, जेथे वेडी बाभूळ माजली आहे तेथे. हमरापूरच्या बाजूच्या एका वाडीवर एका म्हाताऱ्या कातकऱ्याला मी विचारले, बाबा, किती वर्षे भट्टीवर काढलीत? त्याला वर्षे सांगता येईनात. तो बोटांवर मुले मोजू लागला. थोरला नगरकडे झाला, त्याच्या पाठची कर्नाटकात, तिसरे तिकडेच झाले आणि तिकडेच गेले, धाकटा मात्र इथे, कारण त्या साली पाऊस लवकर आला आणि हिशेब आधी झाला. त्याची बायको पलीकडे सूप पाखडीत बसली होती. ती मध्येच म्हणाली, "नाय, थोरलाबी भट्टीवरच झाला. पहाटचं पोतं भरत होते मी." म्हाताऱ्याने मान हलवली.

दिवाळी झाली, की ट्रक येतात. पातेली, गोधड्या, कोंबड्या, एखादे कुत्रे, आणि त्या सगळ्यांच्या वर पोरे. शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मे महिन्यापर्यंत गैरहजेरी लागते. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, तेथे काही मुले मागे राहतात. पण लहान भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी लागते. ती बहुधा ट्रकमध्ये असते.