लहरी कोणाच्या?

1902 साली प्रशियाचा राजपुत्र हाइनरिश जहाजाने अमेरिकेहून परतत होता. त्याने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा बिनतारी संदेश धाडला, पण मार्कोनी कंपनीच्या किनाऱ्यावरच्या केंद्राने तो घेतला नाही. जहाजावरचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं, एवढंच कारण. यातून बर्लिनमध्ये परिषदा झाल्या आणि 1906च्या करारात ठरलं की यंत्र कोणाचंही असो, संदेश घ्यावाच लागेल. जहाजांसाठी 300 आणि 600 मीटरच्या लहरीही तिथेच राखून ठेवल्या गेल्या.

अशा वाटणीवाचून गत्यंतर नव्हतं. एकाच भागात, एकाच वारंवारितेवर दोघे बोलू लागले तर कोणाचंच धड ऐकू येत नाही. पण वाटणारा हळूहळू मालक होऊन बसतो. मुंबईत 1927 साली खाजगी कंपनीचं प्रसारण सुरू झालं. परवान्याचे वर्षाला दहा रुपये चुकवून ऐकणारे पुष्कळ होते; तीन वर्षांत कंपनी बुडाली. मग 1933चा कायदा आला आणि बिनपरवाना रेडिओ नुसता घरात ठेवणं हाही गुन्हा ठरला. पोस्टात जाऊन त्या परवान्याचं नूतनीकरण करणं पुढे कित्येक दशकं चालू राहिलं.

या वृत्तीला खरा छेद दिला तो क्रिकेटने. 1993च्या हीरो कपचे सामने परदेशी कंपनीमार्फत दाखवण्यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट म्हटलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचं नियमन सार्वजनिक यंत्रणेने, लोकहितासाठी करावं. माझ्या मते 1885च्या तार कायद्यापासून चालत आलेल्या सरकारी मक्तेदारीला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का.

तरीही 2008 साली मोबाइल कंपन्यांना परवाने वाटले गेले ते 2001च्या भावाने, 'आधी येईल त्याला आधी' म्हणत. 2010मध्ये थ्रीजीच्या लिलावातून सुमारे 67,700 कोटी रुपये आले, तेव्हा लहरींचं मोल सर्वांना कळलं. 2 फेब्रुवारी 2012 रोजी न्यायालयाने 2008चे 122 परवाने रद्द केले.

लिलावामुळे वाटप उघड्यावर आलं हे चांगलंच झालं. पण 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावाबाहेर राहिला, गावच्या गायरानासारखा. शक्तीची मर्यादा पाळली की तिथे परवाना लागत नाही, आणि घराघरातलं वायफाय त्यावरही चालतं. असे पट्टे आणखी हवेत.