चित्तविकृतीचा धोका असलेल्या तरुणांसाठी मानसोपचार

चित्तविकृती म्हणजे सायकोसिस पुरती जडण्याआधी, साधारण १४ ते ३५ या वयात, मुख्यतः संवादातून केले जाणारे उपचार. चित्तविकृतीत नसलेले आवाज ऐकू येतात, खोटी समजूत पुराव्यानेही हलत नाही. धोक्याच्या अवस्थेत वास्तवाचा धागा सैल झालेला असतो, तुटलेला नसतो. कुणी हाक मारल्यासारखे वाटते, पण ‘मला नुसतं वाटलं असेल’ ही शंकाही जागी असते. ही शंकाच उपचाराचे भांडवल.

या धोक्याच्या अवस्थेचे निकष १९९०च्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅक्गॉरी व अ‍ॅलिसन युंग यांनी बांधले. निकषांत बसणाऱ्यांपैकी सुमारे पाचांतल्या एकालाच दोन-तीन वर्षांत चित्तविकृती होते. बहुतेकांना होत नाही, म्हणून केवळ धोक्यापोटी चित्तविकृतीरोधक गोळ्या देऊ नयेत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१४ची मार्गदर्शिका सांगते. तिने सुचवलेला पर्याय बोधात्मक वर्तनोपचाराचा. जोडीला कुटुंबाबरोबरचे काम. भ्रमावर बोलून काम करता येते हे अ‍ॅरन बेक यांनी १९५२मध्येच एका रुग्णाच्या वृत्तान्तातून दाखवले होते. विचार तपासून पाहण्याची ही रीत मराठी वाचकाला नवखी नाही; तिच्या जवळची, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली.

पद्धत कल्पित उदाहरणाने कळेल. एसटी स्टँडवर सगळे आपल्याबद्दलच कुजबुजतात, असे वाटून एका मुलाने कॉलेज सोडले. उपचारक त्याला खोटे पाडत नाही की होकारही देत नाही. झोप किती झाली, गांजा ओढतोस का, कुणी चिडवले होते का, हे विचारतो. जागरणाने किंवा जवळचे माणूस गेल्यावर निरोगी माणसालाही भास होतात, हे सांगतो. ‘मला वेड लागतंय’ ही भीती त्याने बरीच उतरते. मग दोघे मिळून पडताळा ठरवतात: दहा मिनिटे स्टँडवर उभे राहायचे आणि किती जण खरोखर आपल्याकडे बघतात ते मोजायचे.

घरच्यांशी बोलणे तितकेच मोलाचे. सततची टोमणेबाजी आणि अतिकाळजी या दोहोंनी आजार उलटतो, हे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबांच्या अभ्यासातून दिसले आहे.

यश मात्र मर्यादित. ब्रिटनमधील २८८ जणांच्या चाचणीत (२०१२) अशा उपचाराने लक्षणांची तीव्रता घटली; चित्तविकृतीकडे जाणाऱ्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. तरीही लक्षणे सौम्य होणे हे या नोंदकाराला दुय्यम फळ वाटत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात मात्र प्रश्न पद्धतीचा नाही, उपचारापर्यंतच्या वाटेचा आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६पासूनचे, राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक; पण लोकांच्या मनात ते शेवटची पायरी म्हणूनच बसलेले. ‘रत्नागिरीला न्यायला हवं’ हे वाक्य कोकणात आजही दबक्या आवाजात उच्चारले जाते. त्याआधी ‘बाहेरचं लागलं’ म्हणून कौल, गाऱ्हाणे, देवऋषी होतो आणि मोलाचे महिने जातात. गाऱ्हाण्याने घराला धीर येत असेल, तर ते मोडण्याचे कारण नाही. मुलाला मारहाण वा उपाशी ठेवणे मात्र कदापि नको. शिवाय याच वयात मुले नोकरीसाठी मुंबईला जातात. अपुरी झोप, परकेपणा आणि दाटीची खोली यांत पहिली चिन्हे उमटतात, ती गणपतीला गावी आल्यावर घरच्यांना दिसतात. एकलकोंडेपणा, रात्रभर जागणे, अभ्यासात किंवा कामात अचानक घसरण, विनाकारण संशय ही ती चिन्हे. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने कोकणातल्या घरातला स्किझोफ्रेनिया दाखवला. ही नोंद त्याच्या आधीच्या टप्प्याची आहे.

अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे जावे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू असून तिथे मराठीत बोलता येते, मुंबईच्या खोलीतूनही तोच क्रमांक लागतो. आवाज हुकूम सोडू लागले, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे आले किंवा शंकाच उरली नाही, तर मात्र बोलण्यावर विसंबू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.