अमेरिकेतील स्थलांतरितांचे उत्पन्न आणि दारिद्र्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परदेशात जन्मलेल्यांमधील दारिद्र्याचे प्रमाण तेथेच जन्मलेल्यांपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असते. मात्र ही सरासरी फसवी आहे. नागरिकत्व मिळालेल्या स्थलांतरितांत गरिबी देशजन्म रहिवाशांहूनही कमी, तर नागरिकत्व नसलेल्यांत बरीच अधिक आढळते. भारतात जन्मलेल्यांच्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न देशजन्म कुटुंबांच्या सुमारे दुप्पट आहे. १९६५चा स्थलांतर कायदा आणि पुढे कुशल कामगारांसाठीचा एच-१बी व्हिसा यांमुळे प्रामुख्याने उच्चशिक्षितच तेथे पोहोचले, हे त्याचे मुख्य कारण. पण ग्वाटेमालाहून आलेला शेतमजूरही स्थलांतरितांच्या याच सरासरीत मोजला जातो.

स्थलांतरित आणि देशजन्म यांच्या कमाईतील तफावत काळानुसार मिटते का, हा जुना वाद. अर्थतज्ज्ञ बॅरी चिझविक यांनी १९७८ मध्ये, स्थलांतरित पुरुष दहा-पंधरा वर्षांत देशजन्म पुरुषांची कमाई गाठतात, असे मांडले. वेगवेगळ्या काळी आलेल्यांची एकाच जनगणनेवरून तुलना करणे चुकीचे, हा अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांचा १९८५चा आक्षेप अधिक वजनदार ठरला.

मोजणीतही गोम आहे. स्थलांतरितांची अमेरिकेत जन्मलेली मुले देशजन्म गणली जातात. त्यामुळे एकाच घरातील गरिबी दोन रकान्यांत विभागली जाते. मोजणीपलीकडे सरकारी मदतीतही फरक आहे: १९९६च्या कल्याण-योजना सुधारणा कायद्याने बहुतेक नव्या ग्रीनकार्डधारकांना (कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना) पहिली पाच वर्षे अनेक संघीय मदत योजनांतून वगळले.