सिंकोना आणि क्विनीन : दोन नावांचा इतिहास

हिवतापाच्या औषधाविषयी एक कथा पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची पत्नी, म्हणजे चिंचोनची काउंटेस, लिमा शहरी तापाने आजारी पडली. लोहा प्रांतातून आणलेल्या एका झाडाच्या सालीने तिला गुण आला. ती साल तिने स्पेनला नेली आणि तिच्या स्मरणार्थ झाडाला ‘सिंकोना’ हे नाव मिळाले. जेनोआचा वैद्य सेबास्तियानो बादो याने १६६३ मध्ये ही हकीकत छापली. लिनियसने १७४२ मध्ये तिच्याच आधारे या वनस्पतीचे नामकरण केले.

कथा सुंदर आहे, परंतु कागदपत्रांच्या कसोटीवर ती टिकत नाही. चौथा काउंट १६२९ ते १६३९ या काळात पेरूचा व्हाइसरॉय होता. त्याची पहिली पत्नी अना दे ओसोरिओ त्यापूर्वीच, १६२५ मध्ये, स्पेनमध्ये मरण पावली होती. दुसरी पत्नी फ्रान्सिस्का पेरूला गेली खरी, पण परतीच्या प्रवासात १६४१ मध्ये कार्ताहेना बंदरात तिचे निधन झाले. म्हणजे साल घेऊन स्पेनला पोहोचणे दोघींपैकी कोणालाच शक्य नव्हते. ए. डब्ल्यू. हॅगिस यांनी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कारकीर्दीची रोजनिशी तपासली, तेव्हा काउंटेसच्या त्या प्रसिद्ध आजाराचा व उपचाराचा उल्लेख तीत आढळला नाही.

नावाच्या लेखनातही घोटाळा झाला. स्पॅनिशमध्ये ‘च’साठी सी आणि एच ही दोन अक्षरे जोडून लिहितात. ‘चिंचोन’ या शब्दात ही जोडी दोनदा येते. लिनियसने पहिल्या जोडीतला एच गाळला. इटालियन लेखनात ‘चि’ लिहिताना एच लागत नाही, त्यावरून हे झाले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. परिणाम असा, की इंग्रजी वळणाने वाचणाऱ्याच्या तोंडी ‘चिंचोन’चे ‘सिंकोना’ झाले. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक. देवनागरीत मात्र दोन्ही ‘च’ नाहीसे झाले!

या गळालेल्या अक्षरासाठी भांडणारा गृहस्थ होता क्लेमेंट्स मार्कम. १८६० मध्ये सिंकोनाची रोपे व बिया दक्षिण अमेरिकेतून मिळवून निलगिरीत लागवड सुरू करण्याची मोहीम त्याचीच. १८७४ मध्ये त्याने अना दे ओसोरिओचे चरित्र लिहिले आणि ‘चिंचोना’ हेच लेखन शुद्ध मानावे, अशी मागणी केली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मूळ प्रकाशित लेखनच कायम ठेवले. जिने पेरू पाहिलाच नाही, तिच्या सन्मानासाठी एवढा आग्रह! लोह्याच्या डोंगरात साल सोलणाऱ्यांचे नाव मात्र या वादात कोठेच नव्हते.

त्या भूमीची खूण राहिली ती दुसऱ्या नावात. ‘किना’ हा केचुआ शब्द असून त्याचा अर्थ साल, आणि ‘किना-किना’ म्हणजे औषधी साल, असे सांगितले जाते. पण ला काँदामीनने अठराव्या शतकातच नोंदविले होते, की ‘किना-किना’ हे मुळात दुसऱ्याच एका झाडाचे, पेरू बाल्समच्या वृक्षाचे, नाव होते. तेही तापावर वापरीत. व्यापारात एका सालीचे नाव दुसरीला चिकटले. पेलेतिए आणि काव्हँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्ये सालीतील तापनाशक द्रव्य वेगळे काढले आणि ‘किना’वरून त्याला क्विनीन म्हटले. त्याच सालीतील दुसरे द्रव्य सिंकोनीन. अशा रीतीने काउंटेस आणि केचुआ शब्द एकाच बाटलीत आले.

पुढे क्विनीनवरून क्विनोलीन आणि त्यावरून क्लोरोक्विन ही नावे पडली. १९३४ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालेल्या क्लोरोक्विनचा सालीशी संबंध उरला तो नावापुरता.

आपल्याकडे मराठीत ‘कोयनेल’ रूढ झाले, तर अरबीत ‘कीना’ हा मूळाच्या जवळचा उच्चार टिकला. उर्दूत ‘कुनैन’ ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी दोन्ही जग या अर्थाचा ‘कौनैन’ही लिहितात. जेर-जबर नसतील, तर औषध की दोन्ही जग, हे वाचकाला संदर्भावरूनच ठरवावे लागते.