पाणी रिकामे नव्हते

जुन्नरच्या मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने आपल्या दानाची नोंद कोरून ठेवली आहे: वर्ष ४६, एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि एक मंडप. हे वर्ष शकगणनेतले धरले तर इसवी सन १२४ येते. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्याचे म्हटले आहे. तिसऱ्यात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि त्याबरोबर पोढी दिली आहे. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाके खोदवून आपले नाव घातले आहे. समुद्रकाठचा हा व्यापारी घाट चढून वर आला आणि त्याने दान दिले ते गोड्या पाण्याचे. कातळातली ही टाकी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. तोंड लहान, पोट आत डोंगरात गेलेले, उजेड शिरणार नाही अशी रचना. अंधारात शेवाळ धरत नाही आणि पाणी कमी आटते. म्हणजे पाणी निर्जीव ठेवण्याची कला या मुलुखाला दोन हजार वर्षांपूर्वीच साधली होती. पाण्यात मुद्दाम जीव सोडण्याचा, तोही सरकारी खात्याच्या आराखड्यानुसार, प्रसंग इथे अलीकडे आला. त्या उद्योगात झालेल्या एका चुकीबद्दल मला लिहायचे आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या नद्या अडवून जलाशय झाले तेव्हा ते पाणी रिकामे आहे असे धरून चालण्यात आले. ते रिकामे नव्हते, आणि तसे सांगणारी नोंद शंभर वर्षांहून अधिक काळ छापलेली होती.

कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे येतात. यांतले डिंभे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ आंबेगाव याच पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि आंबेगाव जलाशयाच्या तळाशी. जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीखाली प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरणाच्या बांधकामाचा तपशील अभियंत्यांच्या अहवालांत भरपूर सापडतो. भिंत उभी राहिल्यावर आत काय जगायचे, याचा विचार मात्र मत्स्यबीजाच्या आकड्यापुरता उरला.

घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडणाऱ्या हौशी माणसाची शिस्त इथे ताडून पाहण्याजोगी आहे. समुद्राचे पाणी, म्हणजे हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार, तयार करणे हे काम एका दिवसाचे. पण त्या पाण्यात लगेच मासा सोडला तर तो मरतो, कारण त्याच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू अजून आलेले नसतात. ते दगडांवर आणि वाळूत वस्ती करतात, अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि याला चार-सहा आठवडे लागतात. तोवर जाणकार माणूस पेटी रिकामी दिसत असली तरी रिकामी मानत नाही. या छंदाच्या आरंभी, १८४६ साली, ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची प्रवाळे लंडनला आणून जगवली. त्यासाठी त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. पाणी जिवंत राहते ते अशा रोजच्या, कुणाच्या डोळ्यांवर न येणाऱ्या कामामुळे. आपल्याकडे हा छंद प्रवाळापर्यंत जाऊ शकत नाही. २००१ पासून खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते योग्यच आहे. पण आधी काय आहे ते पाहा, मग हळूहळू भर घाला, ही त्या छंदातली शिस्त चार फुटांच्या पेटीला लागू असेल तर कित्येक चौरस किलोमीटरच्या जलाशयाला का नसावी?

आधी काय होते ते कळायला मार्ग होता. विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी दख्खनभर हिंडत होता. पिके, पाऊस, पक्षी, सगळ्यांची त्याने टिपणे केली, आणि १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती नावे. नव्या जातीला कोणा निसर्गशास्त्रज्ञाचे नाव देण्याचा मोह त्यालाही झाला आणि काही ठिकाणी तो बळी पडला. पण पुष्कळ ठिकाणी कोळी-भोयांच्या तोंडचेच नाव त्याने लॅटिन लिपीत बसवले. खुद्री, कोळस, शिंगटी, शिंगाळा ही नावे प्राणिशास्त्राच्या जागतिक यादीत आज जशीच्या तशी आहेत. चाकणजवळ इंद्रायणीत सापडलेला नुकटा त्यांतलाच. रोहटी हे तर एका अख्ख्या प्रजातीचे नाव झाले. साइक्सने नोंदवलेली ठिकाणे मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा अशी आहेत. कुकडी घोडला मिळते आणि घोड भीमेला, तेव्हा खोरे एकच. पोढीच्या लेखांत दात्यांची नावे मिळतात, धरणाच्या कोनशिलेवर मंत्र्यांची. पाण्यात राहणाऱ्यांची नावे लिहून ठेवणारा हा एक परका अधिकारी निघाला. त्याच्या यादीचा उपयोग पुढे माशांचे शास्त्र शिकणाऱ्यांनी केला, मासे सोडणाऱ्यांनी फारसा नाही.

मासे सोडणाऱ्यांपुढे दुसरीच यादी होती: कटला, रोहू, मृगळ. तिघांचेही मूळ घर उत्तरेत, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात. एके काळी त्यांचे बीज पावसाळ्यात नदीतून गोळा करून दूरवर पाठवावे लागे, आणि त्यात कोणत्या माशाचे पोर किती हे नशिबावर असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मस्तिष्कग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधामुळे बीज कारखान्यासारखे तयार होऊ लागले: आधी मत्स्यजिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. देशात कुठल्याही धरणात सोडायला एकच माल मिळू लागला. त्यात चंदेऱ्या, गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी पाहुणे मिसळले. माझ्या मते चुकीचे मूळ इथे आहे, आणि ते कोणाच्या दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. जे बीज हाताशी असते त्याच्या मापाने पाणी पाहिले जाते.

यावर पहिला आक्षेप ठोस आहे. नदीतले मासे वाहत्या पाण्याचे. धरणाच्या खोल, संथ पाण्यात त्यातले बरेच टिकत नाहीत आणि वरचा थर रिकामा राहतो. तिथले प्लवंग खाणारा कटला सोडला तर कोणाचे काय बिघडले? शिवाय नवा जलाशय भरतो तेव्हा बुडालेली झाडे, गवत, शेतातली माती कुजून पहिली काही वर्षे पाण्यात अन्नाचा पूर येतो, तो वाया का घालवायचा? हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. उपासमारीच्या काठावरच्या घराला किलोभर रोहूचे दाम मिळत असतील तर त्याला साइक्सची यादी दाखवणे हा उर्मटपणा होईल. पण आक्षेपात एक गोष्ट लपते. कटला-रोहूला अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते, त्यामुळे बहुतेक जलाशयांत ते वाढतात पण वंश धरत नाहीत. म्हणून दर वर्षी नवे बीज विकत आणा, सोडा, मोठे झाले की काढा. अन्नाचा पहिला पूर ओसरला की उत्पन्न घटते, आणि बीजाचा खर्च तसाच राहतो. उलट चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यांत वर चढून अंडी घालणारे, यांना बीज लागत नव्हते, वाट लागत होती. ती वाट धरणाच्या भिंतीने आणि उरलीसुरली बारीक आसाच्या जाळ्यांनी अडवली. स्थानिक मासा टिकत नाही असे म्हणताना त्याची वाट कोणी अडवली हे सांगायचे राहून जाते.

स्थानिक माशाचे बीज करता येत नाही असेही कोणी म्हणू नये, कारण ते याच पुणे जिल्ह्यात झाले आहे. मुंबई राज्याच्या मत्स्यखात्यात मोठ्या पदावर काम केलेल्या चिं. वि. कुलकर्णी यांनी टाटांच्या वीज कंपन्यांच्या लोणावळ्याच्या तलावांवर १९७० च्या दशकात खुद्री महासीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि त्याची लाखो पिल्ले तयार झाली. साइक्सने नाव दिलेला मासा, त्याच्याच मुलुखात, धरणाच्या साठवलेल्या पाण्याकाठी. माझ्या बाजूचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण याच पुराव्याला दुसरी बाजू आहे. लोणावळ्याची ही पिल्ले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तिथे कुबडा महासीर नावाचा स्वतःचा मोठा मासा होता. तो आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत अभ्यासक खुद्रीच्या आगमनाचे नाव घेतात. म्हणजे भीमेचा भूमिपुत्र कावेरीत जाऊन कटल्याचाच धंदा करतो. देशी मासा पवित्र आणि बाहेरचा पापी, असा माझा मुद्दा मुळीच नाही. कोणतेही पाणी, कोणाचेही असो, रिकामे समजून त्यात काही ओतू नये, एवढाच तो आहे. खाली उजनी धरणात चिलापी या मासळीने काय केले ते पाहिले तरी पुरे. तिला दर वर्षी कोणी सोडत नाही. ती सुटली आणि राहिली, आणि आता तिच्यावरच बाजार चालतो.

रिकामे समजण्याची ही सवय माशांपुरती राहिली नाही. डिंभ्याच्या काठावर उठवलेली बरीच माणसे महादेव कोळी, काही ठाकर आणि कातकरी. कोळी हे नाव ऐकून त्यांना मच्छीमार समजणारा माणूस चुकतो. १८३० च्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉशने या जमातीवर सविस्तर लिहिले, त्यात हे लोक डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवणारे आणि किल्ल्यांची राखण करणारे म्हणूनच दिसतात. ओढ्यातले मासे-खेकडे ते पकडत, पण ते घरच्या कालवणापुरते. जमीन पाण्याखाली गेल्यावर खोल जलाशयात होडी घालून फासाजाळे टाकणे हा त्यांना परका धंदा होता. महाराष्ट्रात जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने देण्याची पद्धत आहे, आणि ठेका भांडवल असलेल्याला सोयीचा असतो. तेव्हा ज्याची शेते बुडाली त्याचाच पाण्यावर हक्क नाही, अशी पाळी यायला वेळ लागत नाही. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेने इथे जे केले त्याचे मोल मला म्हणून वाटते. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्याचा हक्क, मासेमारीचे शिक्षण, आदिवासींची स्वतःची सहकारी संस्था, आणि मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने जलाशयात तरंगत्या पिंजऱ्यांत बोटुकली वाढवण्याचा प्रयोग. या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पिंजऱ्याचा फायदा साधा आहे: बाहेरून बारीक पोरे आणून थेट सोडली तर त्यातली बरीच मोठ्या माशांच्या पोटात जातात, पिंजऱ्यात बोटभर करून सोडली तर वाचतात.

इथे कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? पिंजऱ्यातही कटला-रोहूच वाढतात आणि लोकांना ते हवे आहेत. हा आक्षेप पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण तो माझ्या युक्तिवादाच्या दोन अर्ध्यांना एकमेकांसमोर उभे करतो: पाण्यातले मूळ रहिवासी आणि काठावरचे. मला यात निवड करावी लागते असे वाटत नाही. ठेकेदाराला तीन-पाच वर्षांत पैसा काढायचा असतो, त्याला कोळस किंवा शिंगटीची पर्वा असण्याचे कारण नाही. ज्यांची मुलेबाळे याच काठावर राहणार आहेत त्यांना विनाबीजाचा, आपोआप वाढणारा मासा परवडतो. आसाची मर्यादा पाळणे, आषाढात ओढ्यांच्या तोंडाशी जाळी न लावणे, काही पिंजरे कोळस आणि खुद्रीसाठी राखणे, हे नियम घोडेगावच्या कचेरीतून लिहून पाठवले तर कागदावर राहतील. संस्थेच्या सभासदांनी ठरवले तर रात्रीच्या राखणीलाही कोणी ना कोणी जाईल. कटला बाजारासाठी सोडत राहावा, त्याला माझी हरकत नाही. पण मत्स्यबीज संचयनाच्या अर्जात जलाशयाचे क्षेत्र आणि बोटुकलीची संख्या यांच्या जोडीला आणखी एक रकाना हवा: सोडण्यापूर्वी या पाण्यात कोणकोणते मासे सापडले. तो भरायला लंडनच्या जुन्या निबंधाची गरज पडू नये. डिंभ्याच्या काठावरच्या कुठल्याही वाडीत पहिल्या पावसाला ओढ्यावर जाणारी म्हातारी माणसे आहेत, त्यांना विचारावे.