प्रतिनिधी, प्रतिकार आणि मूळ पेशी

खटाव तालुक्यातल्या औंधची गादी पंतप्रतिनिधींची. राजाराम महाराज जिंजीत असताना प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झाले. पुढे ते परशुराम त्रिंबकांकडे आले आणि घराण्याची ओळखच बनले. इथे ‘प्रति’ म्हणजे ‘च्या जागी’. ‘प्रतिकार’ या शब्दात तोच उपसर्ग ‘च्या विरुद्ध’ होतो.

रोगाच्या प्रतिकारासाठी इंग्रजीत जो ‘इम्यून’ शब्द आहे, त्याचे मूळ लॅटिन ‘इम्यूनिस’मध्ये आहे. त्याचा अर्थ सार्वजनिक देण्यातून, कर्तव्यातून सूट मिळालेला. इनामाच्या कागदांतला ‘माफी’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा. मराठीने मात्र माफी सोडून लढाईचा शब्द घेतला: रोगप्रतिकारशक्ती. तो घेतला ते बरेच झाले, कारण ल्युपस किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत काय घडते ते त्यातून लगेच उमगते. प्रतिकार करणाऱ्या पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. अशा आजारांना ‘स्वयंप्रतिकार विकार’ म्हणतात ते मला पटत नाही. स्वयंचलित, स्वयंसेवक यांच्या पंगतीत तो शब्द शरीर आपणहून लढते, असे चांगलेच काही सुचवतो. ‘उलटलेली प्रतिकारशक्ती’ हे लांबट आहे, पण रुग्णाच्या घरच्यांना ते पहिल्याच वाक्यात कळते.

‘पेशी’ हा शब्द ‘रोगप्रतिकारशक्ती’हून जुना. आयुर्वेदाच्या संहितांत दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या एका आकाराला पेशी म्हटले आहे. ‘मूळ पेशी’, म्हणजे इंग्रजीतली ‘स्टेम सेल’, या नावाचा उगम मात्र जर्मनमध्ये आहे: जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी 1868 मध्ये ‘श्टामत्सेले’ हा शब्द वापरला. ‘श्टाम’ म्हणजे झाडाचे खोड, तसाच वंशही. सगळ्या जीवांच्या एकपेशीय पूर्वजाला त्यांनी ते नाव दिले आणि पुढे फलित बीजांडालाही. आपली ‘मूळ पेशी’ खोडावरून मुळाशी उतरली; उगम सांगायला मला तीच जास्त नेमकी वाटते.

उलटलेल्या प्रतिकारशक्तीवर याच पेशी कामी येतात. आजार तीव्र असलेल्या निवडक रुग्णांत रक्त तयार करणाऱ्या स्वतःच्याच मूळ पेशी आधी काढून गोठवून ठेवतात. मग उलटलेली प्रतिकारयंत्रणा केमोथेरपीने मोडतात आणि त्या पेशी परत देऊन ती नव्याने उभी राहू देतात. या काळात जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. काही रुग्ण दगावतातही.

‘स्टेम सेल’ हे नाव ऐकून कोणी संधिवातावर महागडी इंजेक्शने देऊ केली, तर पेशी कोणाच्या, कुठून काढलेल्या आणि उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणी, हे आधी विचारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तजनक पेशींच्या ठरावीक मान्य वापरांपलीकडचे उपचार केवळ चाचणी म्हणूनच करता येतात.